सरसेनापती उमाबाई दाभाडे

आपल्या पूनम सागरमधून पुण्याला जाताना वाटेत तळेगावचा टोलनाका लागतो. तुमच्यापैकी बहुतेकांना तळेगाव म्हटलं की तो टोलनाकाच आठवतो. पण गावाचं पूर्ण नाव तळेगाव दाभाडे आहे. हे दाभाडे कोण, असं मी वर्गात विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. म्हणून आज त्या घराण्यातल्या एका बाईंची गोष्ट.

उमाबाई मूळच्या नाशिककडच्या. कळवण तालुक्यातल्या अभोणे गावच्या ठोके देशमुखांच्या घरात त्यांचा जन्म झाला. जवळच सप्तशृंगीचा गड. तुम्ही आता ट्रॉलीत बसून पाच मिनिटांत वर जाता ना, त्या गडावरच्या जुन्या पायऱ्या उमाबाईंनी बांधून घेतल्या असं सांगतात. त्यांचं लग्न तळेगावच्या खंडेराव दाभाडे यांच्याशी झालं. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापती केलं. गुजरातची कामगिरी दाभाड्यांकडे होती. १७२९ मध्ये खंडेराव वारले आणि मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला.

इथूनच भांडण पेटलं. गुजरातच्या वसुलीत पेशवे बाजीराव यांनी हात घातला, तो त्रिंबकरावांना मान्य नव्हता. ते निजामाच्या बाजूला झुकले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ मराठेच मराठ्यांशी लढले आणि त्रिंबकराव मारले गेले.

आता विचार करा, नवरा जाऊन दोनच वर्षं झालेली आणि मुलगा पेशव्यांशी लढताना गेला. शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन समजूत काढायला तळेगावला आले, असं सांगतात. दुसरा मुलगा यशवंतराव याला सेनापतीपद दिलं, गुजरात दाभाड्यांकडेच ठेवला, पण निम्मा महसूल पेशव्यांमार्फत द्यायचा ठरला. यशवंतराव लहान होता, त्यामुळे खरा कारभार उमाबाईंनीच पाहिला. १७३२ मध्ये त्या फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या. मोगलांच्या बाजूने जोरावरखान बाबी लढत होता. त्या काळात विधवा बाईने मोहिमेवर निघणं ही साधी बाब नव्हती.

महसुलाचा तो निम्मा वाटा मात्र दाभाड्यांनी कधी नीट भरलाच नाही. शाहू महाराज असेपर्यंत ते चालून गेलं. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज गेले. तिजोरी रिकामी होती, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी वाटा मागितला. उमाबाई १७५० मध्ये आळंदीला त्यांना भेटल्या. तो करार आमच्यावर लादलेला होता, तो आम्ही का पाळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला विचाराल तर यात तथ्य होतं. पण सही झालेला करार वीस वर्षं गप्प बसून मग नाकारायचा, हेही पेशव्यांना पटणारं नव्हतंच.

त्याच सुमारास, २४ नोव्हेंबर १७५० रोजी, ताराबाईंनी साताऱ्याच्या किल्ल्यात छत्रपती रामराजे यांना कैदेत टाकलं. पेशवे तेव्हा निजामाच्या मुलखात होते. ताराबाईंनी मदत मागितली आणि उमाबाईंनी आपले सरदार दमाजी गायकवाड यांना सुमारे १५,००० फौजेसह पाठवलं. बंड म्हणावं की राणीची बाजू घेणं? तुम्ही कोणाच्या गोटात उभे आहात यावर ते ठरतं, बरं का!

मार्च १७५१ मध्ये दमाजींनी साताऱ्याजवळ निंब इथे पेशव्यांच्या फौजेला हरवलं. पण हा आनंद दोनच दिवस टिकला. वेण्णा नदीकाठी त्यांना मागे हटावं लागलं. पेशवे घाईघाईने परत आले. बोलणी चालू असतानाच ३० एप्रिलला त्यांनी गायकवाडांच्या छावणीला वेढलं. हे काही सरळ वागणं नव्हतं. मे महिन्यात दाभाडे आणि गायकवाड मंडळींची धरपकड झाली, पुण्यात पहारे बसले, काहींना लोहगडावर ठेवलं. हो, तोच लोहगड, जिथे आपण पावसाळ्यात फिरायला जातो!

पुढच्या वर्षी दमाजींनी पेशव्यांशी समेट केला आणि गुजरातचा निम्मा भाग देऊन सुटका करून घेतली. बडोद्याचं गायकवाड घराणं पुढे मोठं झालं ते यातूनच. ज्यांच्या हुकुमावरून ते लढायला निघाले होते, त्या उमाबाईंच्या हाती मात्र गुजरात उरला नाही. १७५३ मध्ये त्या पुण्यात वारल्या. त्यांची समाधी तळेगावला आहे. टोलनाक्यावरून गावात वळलात, तर नक्की बघून या.