तलवार आणि मरी यांची मोजदाद : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

यिर्मयाचे पुस्तक वाचताना तलवार, दुष्काळ आणि मरी ही तीन नावे एकापाठोपाठ एक किती वेळा येतात, हे आपल्या ध्यानात आले असेलच. या तिसऱ्या संकटासाठी मूळ इब्री भाषेत एकच शब्द आहे. त्यात पटकी, देवी, प्लेग असा भेद नाही. मराठीतही मरी म्हटले की गाव ओस पाडणारी कोणतीही साथ डोळ्यांपुढे उभी राहते. भाषांतर करणाऱ्यास हा शब्द मोठा सोयीचा आहे. परंतु तलवार आणि मरी यांपैकी माणसे अधिक कोण मारते, आणि मरीच्या निरनिराळ्या रूपांपैकी कोणत्या रूपाला आवर घालता येतो, हे आकडे मांडून शोधण्याचा ध्यास एका ख्रिस्ती स्त्रीने घेतला होता. तिचे नाव आपणा सर्वांस बालपणापासून ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकातील चित्रात तिच्या हाती दिवा असतो. या लेखात मात्र तिच्या मेजावरील कागदांविषयीच अधिक लिहावयाचे आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका धनिक इंग्रज कुटुंबात झाला आणि त्या शहराचेच नाव त्यांना मिळाले. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण आवड होती. ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी पाचारण केले आहे असा स्पष्ट अनुभव त्यांना आला. सेवा कोणती, हे मात्र उमगावयास बरीच वर्षे लागली. आणि उमगल्यावर घरच्यांचा विरोध सोसावा लागला. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयातील परिचारिकेचे काम कुलीन घरातील मुलीने करावे असे कोणासही वाटत नसे. चालून आलेले चांगले स्थळ त्यांनी नाकारले. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी स्थापिलेल्या सेविकांच्या मठात त्यांनी तीन महिने शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

१८५४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली. नाइटिंगेलबाई मिडलसेक्स रुग्णालयात स्वेच्छेने शुश्रूषेस गेल्या. याच साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि मृतांची घरे यांचा संबंध नकाशावर दाखविला. एकाच वस्तीतील एकाच मरीशी ही दोन माणसे झुंजत होती, आणि तरीही रोग कसा पसरतो याविषयी दोघांची मते पुढे फार भिन्न राहिली. तो विषय पुढे येईलच.

त्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांना घेऊन बाई निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. पुढील हकिगत आपण वाचलेली असेल : जमिनीवर पडलेले जखमी, उवा, उंदीर, कपड्यांची व अन्नाची वानवा, आणि रात्री दिवा घेऊन फिरणारी ती स्त्री. ती खरीच आहे. पण तेवढीच सांगितल्याने एक गोष्ट झाकली जाते. बाई आल्यानंतरच्या हिवाळ्यात रुग्णालयातील मृत्यू कमी झाले नाहीत, ते वाढले. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे उपचार घेणाऱ्या दर शंभरांतील ४२ हून अधिक माणसे मरत होती.

आता आपण सबंध सैन्याच्या आकड्यांकडे वळू. ते बाईंनीच पुढे छापून प्रसिद्ध केले. १८५४ च्या ऑगस्टमध्ये सैन्याने अद्याप मोठी लढाई दिलेली नव्हती. त्या महिन्यात जखमांनी एक मनुष्य मेला. पटकी व तत्सम रोगांनी ८२८ मेले. नोव्हेंबरात इंकरमनची घनघोर लढाई झाली. युद्धाच्या त्या पहिल्या वर्षात जखमांचे सर्वांत अधिक बळी याच महिन्यात पडले, म्हणजे २८७; तरीही रोगांनी नेलेली माणसे ८४४. जानेवारी १८५५ मध्ये सैन्यसंख्या सरासरी ३२,३९३ होती. जखमांनी ८३ मेले, इतर कारणांनी ३२४, आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. हाच क्रम चालू राहता तर नवे सैनिक न येता सारे सैन्य दहा महिन्यांत संपुष्टात आले असते, आणि शत्रूला त्यासाठी गोळी झाडण्याचीही गरज पडली नसती. तलवार आणि मरी यांची अशी तुलना तोवर कोणत्याही सेनापतीच्या समोर कोणी इतक्या स्पष्टपणे ठेवली नव्हती, असे मला वाटते.

या रोगांत पटकी सर्वांना ठाऊक आणि सर्वांत भयप्रद. उपचार न झाल्यास तीव्र पटकीचे निम्मे रोगी दगावू शकतात, तेही काही तासांत; आज वेळीच मीठ-साखरेचे पाणी व सलाइन मिळाल्यास शंभरांत एकही दगावू नये अशी स्थिती आहे. परंतु ज्या रोगाची धास्ती अधिक तोच अधिक माणसे नेतो असे नाही. हगवण, विषमज्वर व उवांतून पसरणारा टायफस यांत रोगी एका रात्रीत काळानिळा पडत नाही, म्हणून त्यांची दहशत कमी. पण ते छावणीत मुक्काम ठोकतात आणि दररोज थोडीथोडी माणसे नेतात. स्कुटारीच्या त्या हिवाळ्यात त्यांनीच कहर केला. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, संडासांची घाण आत पाझरत होती, पाणी दूषित होते. मार्च १८५५ मध्ये डॉक्टर सदरलंड आणि त्यांचे सहकारी यांचे आरोग्य-मंडळ इंग्लंडहून आले. त्यांनी गटारे उपसली, हवेला वाट करून दिली, पाण्याच्या वाटेत सडत पडलेली मेलेली जनावरे काढली. जूनपर्यंत रुग्णालयातील मृत्यू शेकडा सुमारे दोनवर आले. जानेवारी १८५६ मध्ये सैन्य ४४,००० हून मोठे होते आणि रोगांनी मेले ४२. वर्षापूर्वीच्या २,७६१ शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

बाई १८५६ च्या ऑगस्टमध्ये गाजावाजा टाळून स्वदेशी परतल्या. राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत होते. माणसे मेली ती उपाशी, थकलेली व फार उशिरा रुग्णालयात आणल्यामुळे, असे तोवर त्या मानीत होत्या. मग संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह त्यांनी नोंदी तपासल्या. आपल्याच देखरेखीखालच्या भिंतींआड शुश्रूषा कितीही प्रेमाने झाली, तरी गटारे तशीच असेतो माणसे मरत राहिली, हे आकड्यांतून पुढे आले. १८५७ साली त्यांची प्रकृती कोसळली. क्रिमियात जडलेला ताप हे त्याचे एक कारण होते. या शोधाचा मनावर झालेला आघात हे दुसरे, असे अलीकडचे काही चरित्रकार मानतात, काही मानीत नाहीत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्यांनी ते आकडे दडपले नाहीत. ज्या रुग्णालयाने त्यांना कीर्ती दिली, त्याच्याच विरुद्ध साक्ष देणारे तक्ते त्यांनी स्वतः रंगवून सरकारपुढे ठेवले. १८५८ मधील त्या प्रसिद्ध आकृतीत बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या आहेत : निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. मंत्र्यांना रकाने वाचण्याचा कंटाळा येतो हे बाई ओळखून होत्या. निळा रंग लालाला कसा गिळून टाकतो, हे पाहण्यास गणित यावे लागत नाही. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री.

तुलना ही दुधारी वस्तू आहे, हेही त्यांच्या चरित्रातून दिसते. १८६३ मधील रुग्णालयांविषयीच्या ग्रंथात त्यांनी फार यांचा एक तक्ता घेतला. त्याप्रमाणे लंडनच्या २४ रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक दिसते! वर्षभरातील मृत्यूंना एका दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले होते. एका खाटेवर वर्षात अनेक रोगी येऊन जातात, त्यांचा हिशेबच धरला नव्हता. डॉक्टरांनी यावर कडक टीका केली आणि ती रास्त होती. आजही वर्तमानपत्रात अमुक साथीचा मृत्युदर वाचताना कशाला कशाने भागले आहे, हे आपण विचारत नाही.

त्याउलट दुसरे प्रकरण बाईंना शोभणारे आहे. सुइणींच्या शिक्षणासाठी त्यांच्या निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक बाळंतिणींचा कक्ष चालत असे. तेथे बाळंतज्वराने स्त्रिया मरू लागल्या. इंग्लंडात एकंदर बाळंतिणींपैकी हजारी सुमारे पाच दगावत, आणि त्यांतील बहुसंख्य घरीच, कित्येकदा दरिद्री खोल्यांत, बाळंत होत. या नीटनेटक्या कक्षातील प्रमाण त्याच्या कित्येक पट होते. १८६७ साली कक्ष बंद करण्यात आला. १८७१ साली बाईंनी या विषयावर ग्रंथ लिहून गरीब बाईचे अंधारे घरही गर्दीच्या सूतिकागृहापेक्षा सुरक्षित कसे ठरते, हे दाखविले.

आपल्या देशाशी त्यांचे नाते चाळीस वर्षांचे, तेही येथे एकदाही पाऊल न ठेवता. १८५७ नंतर येथील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी राजकीय आयोग नेमला गेला. बाई त्याच्या सभासद नव्हत्या. तरी ठिकठिकाणच्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठविणे आणि आलेल्या उत्तरांच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढणे, हे काम बहुतांशी अंथरुणास खिळलेल्या या स्त्रीने केले. १८६३ च्या अहवालात निष्कर्ष आला की येथील गोरे सैनिक दर वर्षी हजारी ६९ या प्रमाणात मरत होते. दोष हवामानाचा, असे सर्व जण मानीत. बाईंनी दोष विहिरींना, गटारांना, दाटीच्या बराकींना व दारूला दिला. पुढे कोलकाता, चेन्नई व मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग बसले, आणि १८७४ साली बाईंना लिहिता आले की प्रमाण हजारी १८ वर आले आहे. मात्र शेजारचे गाव घाणीत ठेवून छावणी निरोगी राहत नाही, हेही त्यांनी ओळखले. पुढील वर्षांत दुष्काळ, कालवे, रयतेचे कर्ज, खेड्यांतील पाणी याच विषयांवर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही ग्रामीण आरोग्याविषयी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुळा-मुठेच्या काठच्या त्या पुढाऱ्यांस लंडनमधील एक वृद्ध स्त्री विहिरीच्या कठड्याविषयी लिहिते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

रोग दुर्गंधीतून, कुजक्या हवेतून उपजतो, हे जुने मत त्यांनी फार काळ धरून ठेवले. स्नो यांचे पाण्याविषयीचे म्हणणे त्यांनी लवकर मानले नाही; जंतूंच्या सिद्धांताकडेही त्या दीर्घकाळ संशयाने पाहत. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का केला, तेव्हा बाई साठी ओलांडून गेल्या होत्या. कारण चुकीचे धरूनही उपाय बरोबर निघाला, तो केवळ आकड्यांशी त्या प्रामाणिक राहिल्या म्हणून.

त्यांचे सर्व धर्मविचार आपल्या मंडळ्यांत मान्य होतील असे नाही. परंतु देव नियमांनी राज्य करतो आणि मृत्यूची मोजदाद हा ते नियम वाचण्याचा मार्ग आहे, ही त्यांची श्रद्धा अढळ होती. शहराची घाण नदीत सोडीत राहायचे आणि उपासनेत मात्र मरीपासून सोडविण्याची विनवणी करायची, हे त्यांना पटत नसे. तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. यिर्मयाही मंदिराच्या दारात उभा राहून काहीशा याच जातीचे बोलला होता.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली, स्मरणही मंदावले. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान प्रथमच एका स्त्रीला, त्यांना, देण्यात आला. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची सूचना घरच्यांनी नम्रपणे नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो येथील लहानशा मंदिराच्या आवारात कुटुंबाच्या कबरस्तंभावर त्यांच्या बाजूला नाव कोरलेले नाही. आद्याक्षरे आहेत, आणि जन्ममृत्यूच्या दोन तारखा.