आजव्याचे पाणी

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याचा राजा सयाजीराव झाला. तेव्हा शहराची तहान विहिरी व तलावांवर भागे. पाणी बिघडले की रोगराई ठरलेली. महाराजांनी सूर्या नदीवर आजव्याला मातीचे धरण बांधवले. १८९२ मध्ये नळाने पाणी आले, तेही पंपाविना, केवळ उताराने. १८९० मध्ये कलाभवन काढून हाताच्या कारागिरीलाही त्यांनी शिक्षणाचा मान दिला. १९३९ मध्ये महाराज गेले. आजवा मात्र आजही शहराला पाणी पुरवतो. त्याच शहरात आम्ही बडोदेकरांनी नळ वाहते ठेवावेत, तलावात निर्माल्य सोडावे, हे शोभते का? यंदा बाप्पाला निरोप देताना आम्ही एवढे तरी ठरवूया.