आबे फारिया आणि त्यांची निनावी कबर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या टापूत गोमंतक, वसई आदी ठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे स्थिरावली. आणि मनुष्य जेथे राहतो तेथेच बहुधा देह ठेवतो. मग घरात प्रश्न निघतो की, वडिलांना येथेच मूठमाती द्यावी की गावच्या मातीत न्यावे? कबरीवर शिळा बसवावी काय, ती थोरल्याने बसवावी की सर्वांनी मिळून, आणि तिच्यावर नावे कोणाची घालावीत? भावाभावांत यावरून अबोला धरल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून ज्यांच्या कबरीवर शिळाच नाही, अशा एका गोमंतकीय धर्मगुरूंचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

जुझे कुश्तोदियु फारिया यांचा जन्म 1756 च्या मे महिन्यात बार्देशातील कांदोळी येथे झाला. पुढे मातापित्यांनी परस्परसंमतीने संसार सोडला. माता रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात संन्यासिनी झाली, पिता कायतान व्हितोरिनु धर्मगुरू झाले. पुत्राला घेऊन ते 1771 साली लिस्बनला गेले व तेथून रोमला. तेथे 1780 साली पुत्रालाही गुरुदीक्षा मिळाली. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन करताना तरुण फादरांची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले की, समोर बसलेली सारी भाजी आहे, खुशाल काप, अशी कथा गोव्यात अजून सांगतात.

1788 च्या सुमारास ते पॅरिसला गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वावरले, पुढे मार्सेय व नीम येथे अध्यापन केले आणि 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग जाहीरपणे दाखवू लागले. झोप आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्याच मनात असते, हे त्यांचे मत पुढे शास्त्रज्ञांनी उचलून धरले. त्या काळी मात्र कोणी त्यास जादूटोणा म्हटले, तर 1816 साली एका नाटकाने त्यांची टर उडविली. आपला ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, 20 सप्टेंबर 1819 रोजी, ते दारिद्र्यात निवर्तले व माँमार्त्र येथे त्यांचे दफन झाले. ती जागा आज कोणालाही दाखविता येत नाही.

दोष कायद्याचा म्हणावा, तर तसे नव्हते. फ्रान्समध्ये 1804 सालच्या हुकुमान्वये आपल्या आप्ताच्या किंवा मित्राच्या कबरीवर शिळा वा अन्य खूण बसविण्याचा हक्क प्रत्येकास होता. त्यास परवानगीही लागत नसे. ज्यांना स्वतंत्र व कायमची जागा हवी, त्यांनी ती मोल देऊन घ्यावी. एरव्ही साधी कबर पाच वर्षांनंतर पुन्हा उघडता येई. म्हणजे शिळा मागावयास कोणीतरी आपले लागे, आणि धर्मगुरूंना ना पत्नी, ना लेकरे. जन्मभूमी तर सात समुद्रांपलीकडे! हक्क कागदावर राहिला, वापरावयास कोणी आले नाही. आमच्याकडेही पुष्कळ दफनभूमींत कुटुंबाची कायम कबर व काही काळाने उघडावयाची साधी कबर असा भेद आहे. 1983 च्या धर्मविधानाने आपल्या दफनाची जागा जिवंतपणीच निवडण्याची मोकळीक, कायद्याची आडकाठी नसल्यास, प्रत्येकास दिली आहे. पण किती वडीलधारे ती निवड शुद्धीत असताना मुलांना सांगून ठेवतात?

कादंबरीकार द्युमा यांनी मोंते क्रिस्तोच्या कथेत याच नावाचा कैदी पाद्री रंगविला, त्यामुळे फारियांचे नाव जगभर झाले. त्या कथेतील तुरुंगाची दफनभूमी म्हणजे समुद्र! शिळा तेथेही नाही.

पुढे गोमंतकीयांनी आपल्या परीने हे ऋण फेडले. पणजीत शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्यांचा पुतळा 1945 साली, म्हणजे मृत्यूनंतर 126 वर्षांनी, उभा राहिला. समोर कोसळणाऱ्या एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून ते उभे आहेत. मडगावातील एका रस्त्यासही त्यांचे नाव आहे. गावी जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी तो पुतळा अवश्य पाहावा, आणि जमल्यास तेथे क्षणभर थांबून त्यांच्या आत्म्यासाठी एक प्रार्थना म्हणावी. कबरीपाशी जाऊन ती म्हणण्याची सोय नाही.