एल्मर स्पेरी

एल्मर अँब्रोझ स्पेरी (१२ ऑक्टोबर १८६० – १६ जून १९३०) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. जहाजांवरील जायरो होकायंत्रामुळे त्यांना कीर्ती लाभली. रेल्वे रुळांच्या पोटातील दोष शोधणारी तपासणी गाडी हे त्यांचे उत्तरायुष्यातील कार्य तुलनेने कमी परिचित असले तरी तितकेच महत्त्वाचे आहे.

जीवन

स्पेरी यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील सिन्सिनेटस या गावी झाला. जन्मानंतर लगेचच आई निवर्तल्याने आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. तरुणपणी ते शिकागोस गेले व तेथे त्यांनी विद्युत यंत्रांचा कारखाना काढला. १९१० साली त्यांनी ब्रुकलिन येथे स्पेरी जायरोस्कोप कंपनी स्थापन केली. साडेतीनशेहून अधिक पेटंटे त्यांच्या नावे आहेत.

रूळ-तपासणी

२५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे प्रवासी गाडी रुळावरून घसरून २९ जण मृत्युमुखी पडले. रुळाच्या अंतर्भागातील आडवा तडा हे अपघाताचे कारण ठरले. असा तडा पोलादाच्या आत वाढत जातो. पृष्ठभागावर त्याची खूण दिसत नाही. त्यामुळे रुळालगत चालत जाऊन डोळ्यांनी केलेली पाहणी येथे निरुपयोगी ठरे.

१९२३ च्या सुमारास स्पेरी यांनी हा प्रश्न हाती घेतला. रुळातून वीज सोडून तिच्या दाबातील फरक मोजण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न गंज व मळ यांमुळे फसला. तेव्हा त्यांनी विद्युतप्रवाहाभोवती निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला. तड्यापाशी प्रवाह वळसा घेतो व चुंबकीय क्षेत्र विचलित होते. गाडीखालील तारेची वेटोळी हा बदल टिपत, लेखणी तो कागदी पट्टीवर उमटवी आणि संशयित जागी रुळावर रंग पडे. अशी गाडी १९२८ साली प्रत्यक्ष मार्गावर धावू लागली.

खरी कसोटी मात्र पट्टीच्या वाचनात होती. घसरत्या चाकांनी भाजलेल्या रुळाचीही खूण पट्टीवर उमटे, म्हणून संशयित जागा पुन्हा हाताने तपासावी लागे. खरा दोष आणि फसवी खूण यांतील भेद ओळखणे हेच आजच्या संगणकीय विदा-विश्लेषणापुढीलही मुख्य काम आहे.

नंतरचा काळ

गाडी सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी स्पेरी यांचे ब्रुकलिन येथे निधन झाले. पुढे चुंबकीय पद्धतीच्या जोडीला श्राव्यातीत ध्वनिलहरींची पद्धत आली. भारतीय रेल्वेत रुळांच्या अंतर्भागाच्या तपासणीसाठी मुख्यतः हीच पद्धत वापरली जाते.