इल्या मेचनिकॉव्ह : भक्षक पेशींचा शोधकर्ता

जखम पिकते, ठणकते, तीत पू होतो आणि काही दिवसांत ती भरूनही येते. या नित्याच्या अनुभवामागे रक्तातील पांढऱ्या पेशींची झुंज असते, हे जगाला प्रथम पटवून दिले ते इल्या मेचनिकॉव्ह यांनी. झुंजीत कामी आलेल्या पेशींची विल्हेवाट कशी लागते, हेही त्यांनी टिपले होते. त्यांच्या कार्याची ही दुसरी बाजू मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळ झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला आणि पुढे ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये पत्नी ल्युडमिला क्षयाने दगावली. खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फिन घेऊन जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. ते थोडक्यात वाचले. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अत्यवस्थ झाली, तेव्हा त्यांनी उलटणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. सुदैवाने दोघेही बरे झाले.

विद्यापीठातील राजकीय कलहाला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि सिसिली बेटावरील मेसिना गाठले. तेथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना अंगभर पसरवितात, असा तेव्हाच्या अनेक वैद्यकतज्ज्ञांचा समज होता. या पेशी जंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, असा सिद्धांत मेचनिकॉव्ह यांनी १८८३ मध्ये मांडला.

१८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. रक्तद्रवच जंतूंचा नाश करतो, असे मानणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे रंगला. भक्षक पेशींचे त्यांनी लहान आणि मोठे असे दोन वर्ग केले. लहान भक्षक, म्हणजे आजच्या भाषेत न्यूट्रोफिल, आधी धावून येतात. मोठे भक्षक, म्हणजे मॅक्रोफेज, मागाहून येतात आणि निकामी झालेल्या लहान भक्षकांनाच गिळून टाकतात, असे त्यांना दिसले.

या निरीक्षणाचे मोल कळायला जवळपास शतक लोटले. न्यूट्रोफिलच्या पोटात जंतूंना मारणारी तीव्र रसायने असतात. मेलेली पेशी फुटली, तर ती बाहेर सांडून आपल्याच निरोगी ऊतींना इजा करतात. म्हणून मरणपंथाला लागलेली पेशी आपल्या आवरणाच्या आतील बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरिन हा स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूस आणते. ती खूण ओळखून मॅक्रोफेज तिला फुटण्यापूर्वीच अखंड गिळतो आणि दाह शमविणारे रासायनिक संदेश सोडतो. वृद्ध होऊन मरणाऱ्या न्यूट्रोफिलना मॅक्रोफेज असे गिळतात, हे ब्रिटनमधील जॉन सॅव्हिल, ख्रिस्तोफर हॅस्लेट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. ही सफाई रेंगाळली की दाह चिघळत राहतो. ल्युपस आणि फुप्फुसांच्या काही जुनाट विकारांशी या बिघाडाचा संबंध आढळला आहे.

मेचनिकॉव्ह यांच्या शिष्यपरंपरेचा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आले. त्यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून त्यांचेच नाव मिरविते.

प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाचा पक्ष मांडणारे पॉल अर्लिख यांना विभागून मिळाले. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. एकेकाळी जीवनाला विटलेल्या या शास्त्रज्ञाने उत्तरायुष्यात वार्धक्य लांबविण्याचा ध्यास घेतला आणि आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. जुलै १९१६ मध्ये पॅरिस येथे वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात त्यांचा अस्थिकलश जतन केलेला आहे.

लातूर आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांत वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारे हजारो विद्यार्थी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज यांची नावे पाठ करतात. या दोन्ही पेशींच्या कार्याची पहिली ओळख त्या तारामाशाच्या अळीपासून सुरू झाली होती.