समतोलाचे भाष्यकार : लुडविग बोल्ट्झमन

औंढा नागनाथजवळील गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली अंतिम मंजुरी दिली. अशा वेधशाळेतील आरशांची उष्णताजन्य सूक्ष्म थरथर हा मापनातील मोठा अडथळा असतो. त्या थरथरीचे गणित ज्यांच्या नावाच्या स्थिरांकाविना मांडता येत नाही, त्या बोल्ट्झमन यांचे चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १८४४ साली व्हिएन्नात, एका करअधिकाऱ्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी पितृछत्र हरपले. तरीही १८६६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. गरम चहा निवतो, पण निवलेला आपोआप तापत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे. याचे कारण त्यांनी १८७२ व १८७७ च्या निबंधांत मांडले. विस्कळीत रचनांची संख्या सुव्यवस्थित रचनांहून प्रचंड असल्याने अणूंचा समुदाय समतोलाकडे झुकतो, असा त्याचा मथितार्थ होय. परंतु माख यांच्यासारख्या मातब्बरांना अणूंचे अस्तित्वच अमान्य होते. नैराश्याने ग्रासलेल्या बोल्ट्झमन यांनी ५ सप्टेंबर १९०६ रोजी दुइनो येथे जीवनयात्रा संपविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत पेरँ यांच्या प्रयोगांनी अणू निर्विवाद सिद्ध झाले.

त्यांच्या सिद्धांतामागे एक गृहीत होते: पुरेसा अवधी मिळाल्यास प्रत्येक शक्य रचनेपर्यंत वाट असतेच. १९९० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुस्तनसीर बर्मा व दीपक धर यांनी एक साधे प्रारूप अभ्यासले. एका ओळीत शेजारचे तीन कण एकदमच बसावेत आणि शेजारचे कोणतेही तीन एकदमच उठावेत, एवढाच नियम. तेवढ्याने संभाव्य रचना असंख्य बंद कप्प्यांत विभागल्या जातात, आणि समतोलाची गती अतिशय मंदावते. निर्बंधांत अडकलेल्या पुंजकणांचे समुदाय पूर्ण समतोलाला का पोचत नाहीत, याच्या आजच्या संशोधनातही हीच कल्पना मध्यवर्ती आहे. धर यांना २०२२ साली बोल्ट्झमन पदक लाभले. ते मिळविणारे ते पहिले भारतीय.

बाजार कालांतराने समतोल साधतो, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. भौतिकीचे नियम समाजाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे खरे. तथापि वाटाच बंद असतील तर केवळ काळ लोटल्याने काही साधत नाही, एवढा बोध घेण्यास हरकत नसावी. मागासलेल्या जिल्ह्यांना धीर धरण्याचा उपदेश करणाऱ्यांनी आधी वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे तपासावे.