ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं एका थोर पुरुषाचें चरित्र भाविकांपुढें थोडक्यांत ठेवावें असें योजिलें आहे. शास्त्रवचन कसें वाचावें, हा प्रश्न आज घरोघर निघतो. कारण एखादेंच वचन त्याच्या जागेवरून उचलून त्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. चारशें वर्षांपूर्वीं आपल्याच कोंकणपट्टीच्या दक्षिणेस, गोमंतकांत, एका परदेशी धर्मगुरूनें या प्रश्नाचें उत्तर मराठींत देऊन ठेविलें आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. तेथें कॅथलिकांस आपला धर्म उघडपणें पाळतां येत नसे. ते रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघून ऑक्टोबरांत ते गोव्यास पोहोंचले आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, चाळीस वर्षें, तेथेंच राबले. त्यांचें कार्यक्षेत्र साष्टी प्रांत कांहीं शांत नव्हता. सत्तेच्या जोरावर देवळें मोडलीं गेल्यानें लोकांचीं मनें दुखावलीं होतीं. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें येशूसंघाच्या पांच जणांचा वध झाला. अशा ठिकाणीं फादरांनीं लोकांची भाषा जीव लावून शिकून घेतली.

नवख्रिस्ती मंडळीस प्रार्थना व धर्मतत्त्वें पाठ होतीं. परंतु ज्या पुराणकथांवर त्यांचीं मनें पोसलीं होतीं, त्यांची जागा रिकामी पडली होती. ती भरून काढण्यासाठीं फादरांनीं ओंवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. मराठी अक्षरांत छापण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली.

या ग्रंथाची मांडणीच बोधप्रद आहे. सुमारें ११,००० ओंव्यांपैकीं पहिल्या पुराणाच्या ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार येतो. त्यानंतर दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरांत प्रभु येशूचें चरित्र येतें. श्रोते मध्येंच शंका विचारतात आणि गुरु त्यांचें निरसन करितो. मागील कथा ठाऊक नसतां पुढील वचनाचा अर्थ लागत नाहीं, हें यावरून सहज ध्यानीं येतें.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायाचेंच उदाहरण घ्या. प्रभूनें मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावी म्हणून सैतानानें स्तोत्रसंहितेंतील देवदूतांच्या रक्षणाचें वचन पुढें केलें. वचन खरें होतें. अर्थ खोटा होता. तें ९१ वें स्तोत्र आरंभापासून वाचावें, म्हणजे कळतें कीं, हें अभय देवावर भरंवसा ठेवणाऱ्यास आहे, देवाची परीक्षा पाहणाऱ्यास नव्हे. म्हणूनच प्रभूनें शास्त्रांतीलच दुसऱ्या वचनानें त्याला निरुत्तर केलें.

वचनाचा अर्थ लावितांना लेखकाचा हेतु, संपूर्ण शास्त्राची एकता आणि ख्रिस्तसभेची परंपरा पाहावी, असें १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही शिकविलें. आज भावाभावांतील बांधाच्या तंट्यांतसुद्धां डोळ्याबद्दल डोळा या नियमाचा आधार घेतला जातो. सूड मर्यादेबाहेर जाऊं नये म्हणून घातलेला तो निर्बंध आहे, आणि प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत तोही ओलांडून क्षमेचा मार्ग दाखविला, हें मात्र विसरलें जातें. अर्धें वाचलेलें वचन असें घर मोडतें.

तरी चौल-कोर्लईच्या या किनाऱ्यावरील प्रत्येक घरांत रोझरीनंतर शास्त्राचा एक संपूर्ण अध्याय वाचला जावो, आणि शंका येईल तेथें मागचें-पुढचें पान अवश्य उलटलें जावो. फादर स्टीफन्स यांचें याहून योग्य स्मारक दुसरें नाहीं.